कणकुंबीच्या शाळेतला जुना राउटर

पिरनवाडीत नीलमच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी नऊ जुने राउटर मांडलेले आहेत. एरवी ती बेळगावात एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते. रविवारचं काम वेगळं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून राउटरसाठी एक खुलं सॉफ्टवेअर बनवलंय. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले राउटरचे जुने डबेही त्यावर चालतात. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती जुन्या डब्यांवर चालवून बघायची, हे काम नीलमनं सहा वर्षांपूर्वी आपणहून अंगावर घेतलं.

"ह्यातनं मिळतंय काय गं तुला?" सासू मालुबाई विचारायच्या.

"काय न्हाय आत्ती. बरं वाटतंय."

गेल्या श्रावणात तिनं सगळ्यात जुन्या डब्यावर नवी आवृत्ती चढवली आणि मोबाईलवर त्याच्या सेटिंगचं पान उघडलं. पासवर्ड न विचारताच ते उघडलं. पुन्हा करून बघितलं, तरी तेच. म्हणजे आसपासचा कुणीही आत शिरला असता. असलं भोक चारचौघांत बोलून दाखवायचं नसतं, चोरांनाच आधी कळतं. तिनं गटात सुरक्षेचं काम बघणाऱ्या चौघांनाच मेल पाठवला.

त्यांच्यातल्या पोलंडच्या योआनाचं उत्तर आलं : डबा फारच जुना आहे, आपण सांभाळतो त्या डब्यांच्या यादीतून काढून टाकू.

नीलमला ते पटलं नाही. तसाच डबा तिनं स्वतः कणकुंबीच्या शाळेत बसवला होता. यादीतून निघाला की त्याला पुढची कुठलीच दुरुस्ती मिळणार नव्हती. 'आठवडाभर थांबा, मी कारण शोधते,' तिनं कळवलं. ते थांबले.

त्यासाठी डबा उघडून आतल्या सर्किटच्या पट्टीला तीन बारीक तारा डाग देऊन जोडायच्या होत्या, आणि डबा काही जागेवर राहीना. मालुबाई बघत होत्या.

"सरक जरा, मी धरतो," त्या म्हणाल्या. तिन्ही तारा जोडून होईस्तोवर डबा तसूभर हलला नाही.

तारांची दुसरी टोकं तिनं कॉम्प्युटरला लावली, आणि डबा चालू होताना आत काय घडतं, ते ओळीओळीनं पडद्यावर उमटलं. जागा अपुरी पडून पासवर्ड साठवलाच जात नव्हता. नीलमनं त्या ओळी पाठवल्या, योआनानं दोन दिवसांत दुरुस्ती केली आणि नीलमनं ती नऊच्या नऊ डब्यांवर तपासली. यादीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आवृत्ती बाहेर पडली तेव्हा आभारांत नीलमसोबत मालुबाईंचंही नाव होतं.

"माझं कशाला घातलीस गं?"

"मग धरलं कुणी?"

मालुबाईंनी शेजारच्या गुणाबाईंना हाक मारून ते पान दाखवलं.

पुढच्या शनिवारी नीलम बसनं कणकुंबीला गेली. राउटरवर नवी आवृत्ती घातली, पासवर्ड दोनदा तपासला.

"काय बिघडलं होतं?" शाळेतल्या तेजस्वी मॅडमनी विचारलं.

"न्हाय मॅडम, बिघडायच्या आधीच आले."

पोरांच्या पंगतीत बसून ती आमटी-भात जेवली. बसला अजून तासभर होता. ती आरामात व्हरांड्यात टेकली.