गरम पाण्यात पडलेले दाणे

मुलीच्या बाळंतपणासाठी मनमाडला निघालेल्या मंदाताईंनी शेजारच्या प्रतिभाकडे काचेची बरणी सोपवली. तळाशी भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे होते. "याला केफिर म्हणतात. साखरेच्या पाण्यात ठेवलं की आंबूस सरबत तयार होतं. पाणी गार करूनच घाल हं, दाणे जिवंत असतात."

पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. घरी पाहुणे यायचे म्हणून घाईत प्रतिभाने साखरेचं गरम पाणी तसंच ओतलं. बरणीचा चटका बसला तेव्हा तिला मंदाताईंचं बोलणं आठवलं. तिने ते पाणी फेकून दाण्यांवर गार पाणी घातलं, तरी दुसऱ्या दिवशी एक बुडबुडा दिसेना. असे दाणे नाशकात आणखी कुणाकडे असतील, हेही तिला ठाऊक नव्हतं.

मंदाताईंचा फोन आला. "दाणे बरे आहेत ना?"

"आहेत," प्रतिभा कसंबसं म्हणाली. मग तिला जेवण गोड लागेना.

तिने पुन्हा साखरपाणी केलं, पुरतं निवू दिलं, चार मनुका टाकल्या आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. येता-जाता ती बरणी हलवून बघे. सासूबाई वैतागल्या, "अगं, जरा दम धर. लय हलवू नको त्याला."

तिसऱ्या दिवशी फुगलेल्या मनुका वर तरंगत होत्या. घोट घेतला तर जिभेवर हलकी चुरचुर झाली. तिने लगेच मनमाडला फोन लावला.

"ताई, मी खोटं बोलले. दाणे गरम पाण्यात पडले होते. थोडेच वाचलेत."

"वाचलेत ना? मग वाढतील," मंदाताई म्हणाल्या.