मी न दिलेला नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यात सांगण्यासारखं काही आहे, असंही बराच काळ वाटत नव्हतं — एक फोन नंबर दिला नाही, एवढंच तर.

मी कुवेतमध्ये तेलाच्या प्रकल्पांवर इंजिनिअर आहे. काही वर्षांपूर्वी कंपनीने पगार कमी केले. ओळखीतल्या बहुतेकांनी बायका-मुलांना भारतात पाठवलं आणि स्वतः शहरातल्या खैतान भागात खोल्या वाटून घेतल्या. अशा माणसांना इथे बॅचलरच म्हणतात, घरी दोन मुलं का असेनात. मीही त्यांच्यात गेलो.

पण माझी अडचण त्यांच्यासारखी होती का? नव्हती. माझी बायको माधवी इथल्या शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली होती, "लहान फ्लॅट बघू. माझा पगार आहे की." भागलं असतं. मला तेच नको होतं — तिच्या पगारावर चाललेलं घर. मी आधी तिकिटं काढली, मग तिला सांगितलं. वर्गातल्या मुलांनी दिलेला मनीप्लांट शेजारणीकडे ठेवून ती मुलीला घेऊन नाशिकला गेली.

पुढे पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. आखातातल्या नोकऱ्या बदलल्या की कुटुंबं कशी बदलतात, हा त्यांचा विषय. पण कुटुंबं तर परत गेलेली. भेटलो ते आम्ही पुरुष. शर्क भागातल्या एका कॉफीच्या दुकानात त्यांनी विचारलं, परत जायचं कुणी ठरवलं?

"तिनेच," मी म्हणालो. तोंडातून निसटलं म्हणू का? नाही — मी एक घोट घेतला, विचार केला आणि मग म्हणालो.

"वहिनींशीही बोलायचंय, सर. नंबर द्याल?"

"तिला असलं काही आवडत नाही."

मी माधवीला विचारलंसुद्धा नव्हतं. खोलीवर आल्यावर सोबत राहणाऱ्यांना हे हसत हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी इतरांनीही आपापल्या बायकांच्या वतीने हेच उत्तर दिलं.

गेल्या सुट्टीत मी नाशिकच्या घरी कोथिंबीर निवडत बसलो होतो. माधवीने मोबाईलवर कुणाचं तरी व्याख्यान लावलं होतं. आवाज मी लगेच ओळखला. पगार घटल्यावर बऱ्याच बायकांनी स्वतःहून परतायचं ठरवलं, असं त्या बाई सांगत होत्या.

माधवी हसली. "कुठल्या गं बाई ह्या बायका? मला एक फोन केला असता, तर तासभर बोलले असते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्या बोलणाऱ्या बाई तुला भेटल्या होत्या का कधी तिकडे?"

हातात कोथिंबीर होती. सांगता आलं नसतं का? आलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

तिने व्याख्यान बंद केलं. तिला ते खरं वाटलं.