तिसरी तार

उंबरमाळच्या खालच्या आळीत मिक्सर जळू दे, पंखा अडू दे, इस्त्री तापेनाशी होऊ दे, बायका नवऱ्याच्या आधी मोरूला हाक मारायच्या. मोरेश्वर उतेकर हे नाव होतं ते महाडच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीच्या गेटपासावर. तिथं तो पोती भरायच्या खात्यात कामाला. पोलादपूरच्या वर डोंगरात, आपल्या वाडीत, तो इंजिनियर. आणि कुणी इंजिनियर म्हटलं की स्वारी अशी खुलायची, काही विचारू नका. रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे तांबडे, तरी पडवीत मांडी घालून कुणाचा तरी मिक्सर उघडून बसलेला. घ्यायचा काय, तर चहा. फार झालं तर एखादा फणस. पैसे पुढं केले की चिडायचा, म्हणायचा, मी काय दुकान टाकलंय?

दुकान टाकलं होतं जलीलनं, महाडला. दोघं एकेकाळी आयटीआयला वायरमनच्या वर्गात एका बाकावर होते. मोरूनं मध्येच सोडलं. सर नियमच शिकवत बसले होते आणि याला तोवर मोटर भरता येत होती, मग थांबतोय कशाला! जलील बसून राहिला, पास झाला, लायसन काढलं, आखातात वर्षानुवर्षं वायरिंग केली आणि परत येऊन दुकान थाटलं. आता तो नुसतं बघायला यायचेही पैसे घेतो आणि हत्यारं काढायच्या आधी दहा प्रश्न विचारतो. वाडीला हे कुठलं आवडायला? आपला मोरू हाय ना, मग त्या जलीलला कशाला, असं लोक म्हणायचे. मोरू जलीलची बाजू घ्यायचा, पण हसत हसत. खरं सांगायचं तर त्याला ते ऐकायला फार गोड लागायचं.

मोरूचं नाव झालं ते मुंग्यांमुळे. मुंबईची माणसं नवा फ्रीज घेतात आणि जुना गावाला धाडतात. जुनं वॉशिंग मशीनही येतं टेम्पोतून. तर या वस्तूंना हात लावला की बायकांच्या बोटांना मुंग्या यायच्या. येणारच, अर्थिंग नव्हतं ना कुणाकडं! घरात दोन तारा येतात. एकीतून करंट येतो, दुसरीतून, म्हणजे न्यूट्रलमधून, परत जातो. तिसरी तार जमिनीत जायला हवी. त्यासाठी अंगणात खोल खड्डा खणायचा, पाइप पुरायचा, मीठ-कोळसा भरायचा. उंबरमाळच्या कातळात खड्डा कोण खणतंय? मोरूनं डोकं चालवलं. न्यूट्रल तरी शेवटी कुठं जाते, जमिनीतच ना? मग त्यानं बोर्डाच्या आतच तिसरी तार न्यूट्रलला पिळून टाकली. मुंग्या बंद! एका घरात झालं, दुसऱ्या घरातून बोलावणं आलं, आणि करता करता अख्खी आळी झाली. काशीबाईनं तर त्या खुशीत त्याला खरवसाचा डबा धाडला होता.

जलीलला हे त्यानं कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच काय, काम झालं होतं ना?

मग यंदा गणपतीच्या तोंडावर मोठं वारं सुटलं. आंब्याची फांदी मोडली आणि खालच्या आळीला येणाऱ्या दोन्ही तारा घेऊन खाली आली. वीज नाहीतरी पोलादपुरापासूनच गेलेली. लाइनमनच्या अंगावर डोंगरातल्या ढीगभर वाड्या, तो बिचारा म्हणाला, उद्या-परवा येतो. उद्या-परवा कसं चालेल? मुंबईकर निघालेले, मखराच्या माळा लागायच्या राहिलेल्या. अशा वेळी आमच्या डोंगरात कुणी हात जोडून बसत नाही. बांबू घ्यायचा, तारा उचलायच्या आणि खांबावर पुन्हा पिळायच्या, हे दर पावसाळ्यातलं काम. मोरू कंपनीत होता, म्हणून पोरांनीच ते उरकलं. कुठली तार कुठं होती हे कुणी बघितलं नाही. दिवा काय, तारा उलट लागल्या तरी लागतो, सुलट लागल्या तरी लागतो. संध्याकाळी वीज आली, दिवे लागले, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. मोरू पाळीवरून आला तो थेट बंद घरांच्या किल्ल्या घेऊन फिरला. मुंबईला राहणाऱ्यांच्या किल्ल्या त्याच्याच घरी खुंटीला असतात. सगळ्यांचे फोन येऊन गेले होते, मोरूदादा, आम्ही पोचायच्या आधी फ्रीज तेवढा लावून ठेव. यानं घरोघरी जाऊन फ्रीजच्या पिना खोचल्या. घरी येऊन पाठ टेकतोय न टेकतोय, तोच काशीबाईचा आक्रोश ऐकू आला.

काशीबाई त्याची चुलती. मुलगा मुंबईत, ही एकटी, म्हशीच्या दुधावर चालणारी. वाऱ्यानं गोठ्याचे पत्रे उडाले म्हणून तिनं म्हैस पडवीत बांधली होती, वॉशिंग मशीनच्या शेजारी. मोरू पोचला तेव्हा म्हैस आडवी पडलेली, चारी पाय ताठ, डोळे उघडे. पान लागलं, साप चावला, दुसरं काय, असं सगळे म्हणत होते. कुणी खुरांपाशी दातांच्या खुणा शोधत होतं, कुणी काठीनं अडगळ ढोसत साप शोधत होतं. मोरूनं मशीनच्या बटणाकडं बघितलं. बटण बंद होतं. बटण बंद म्हणजे मशीनमध्ये करंट नाही, म्हणजे आपला काही संबंध नाही. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

तरी सवयीनं खिशातला टेस्टर बाहेर आला आणि मशीनच्या पत्र्याला लागला. टेस्टर पेटला.

मोरू बघतच राहिला. बटण बंद असताना हा पेटतोच कसा? त्यानं आत जाऊन मेन स्विच पाडला आणि परत येऊन बघितलं, तर टेस्टर पेटलेलाच. बिघडला असेल म्हणून शर्टाला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा पेटला. इतक्या वर्षांत, इतक्या घरांत हात घातला, पण असलं काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना त्यानं मागं सारलं, अंगणात गेला आणि जलीलला फोन लावला.

जलीलनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिसरी तार कुठं जोडलीयस?"

"न्यूट्रलला," मोरू म्हणाला.

मग जलीलनं विचारलं, लाइन पडली होती का, आणि वर चढवली कुणी. पोरांनी, असं मोरूनं सांगितलं.

"मग उलटी चढवलीय. तुझी न्यूट्रल आता न्यूट्रल राहिली नाही, मोरू. करंट तिच्यातून येतोय आणि तूच तो मशीनच्या अंगाला नेऊन जोडलायस. बटण आणि मेन तोडतात ती दुसरी तार, त्यांनी हा थांबायचा नाही. रात्रीपासून कुणी ओल्या पायांनी हात लावला नाही हे नशीब. असं किती घरांत केलंयस?"

किती घरांत म्हणजे? एकही घर सोडलं नव्हतं त्यानं. आणि आज सकाळी, अजून तासही झाला नसेल, बंद घरांत स्वतःच्या हातानं पिना खोचून आला होता. कुणी सांगितलं नसतं तरी त्यानं लावले असते फ्रीज, इतका त्याला उत्साह! जलील सांगत होता, पिना उपटून टाक, प्लॅस्टिकला धर, पत्र्याला बोट लावू नको, लाइन बंद करायला लाइनमनला मी सांगतो, मी निघालोच. मोरूनं अर्धं ऐकलं आणि धूम ठोकली.

बायकोला, राजश्रीला, त्यानं धावता धावता ओरडून सांगितलं की घराघरांत जाऊन बायकांना सांग, फ्रीजला हात लावू नका. तिला काही कळेना, उपाशीपोटी ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. पण नवऱ्याचं तोंड बघून न विचारता निघाली. मोरू बंद घरं उघडत सुटला. कुलूप काढायचं, पीन उपटायची, पुढचं घर. किल्ल्या हातातून पडत होत्या. रोज कुणाचं तरी कुलूप उघडणारा हा माणूस, त्याला कुठली किल्ली कुणाची तेच आठवेना.

मुंबईला राहणाऱ्या किशोर उतेकरच्या घराची किल्ली जुडग्यात नव्हती. राजश्रीनं मागून हाक मारून सांगितलं की किशोरची गाडी लवकर पोचली, किल्ली मघाशीच नेली. आता गावाला आलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तुम्हीच सांगा. उंबऱ्यापाशी चपला काढतो, घागरीतलं पाणी पायांवर ओततो आणि ओल्या पायांनी आत जातो. इतक्या लांबून आलेला, घसा सुकलेला, तो जाणार कुठं, तर फ्रीजकडं.

किशोरची मुलगी अक्षदा पाय धुऊन आत गेलीच होती. मातीच्या जमिनीवर तिच्या ओल्या पावलांच्या खुणा थेट स्वयंपाकघरात गेलेल्या. मोरूनं दारातूनच अशी किंकाळी फोडली की पोरीचा हात वरच्या वर थांबला. त्यानं धावत जाऊन तिला खांद्याला धरून मागं ओढलं. ती पडली, कोपर फुटलं, रडायला लागली. किशोर संतापून आत आला. पोरीच्या अंगाला हात लावतोस म्हणून त्यानं मोरूची कॉलर धरली. मोरूला धाप लागलेली, कसंबसं त्यानं सांगितलं की फ्रीजमध्ये करंट आहे, माझ्यामुळं आहे, मी जोडणी चुकीची केली.

किशोरनं कॉलर सोडली आणि चक्क हसला. "काय दादा! तू केलेलं काम हाय ते. तुझ्या हातचं कधी बिघडलंय काय?" असं म्हणून त्यानं स्वतःच फ्रीजकडं हात नेला.

मोरू आडवा आला. बोलण्यात अर्थ नव्हता. त्यानं टेस्टर काढून फ्रीजच्या दाराला लावला आणि किशोरला म्हणाला, बघ. टेस्टर भकभकून पेटला होता. किशोर कधी त्याच्याकडं, कधी पोरीच्या ओल्या पायांकडं बघत राहिला आणि मग भिंतीला टेकून खालीच बसला. मोरूनं पीन उपटली. त्यानंतर बराच वेळ त्या घरात कुणाला पाणीसुद्धा मागवेना.

लाइनमन आला, पाठोपाठ जलील मोटरसायकलवरून आला. लाइन बंद झाली, खांबावरच्या तारा सुलट लागल्या. जलीलनं एकेका घरात जाऊन बोर्ड उघडला आणि पिळलेली तिसरी तार मोकळी केली. अर्थिंगचा खड्डा खणल्याशिवाय या वस्तू लावायच्या नाहीत, असं प्रत्येक घरात बजावलं. मोरूला तो एक शब्द बोलला नाही. मोरू पिशवी धरून मागं मागं हिंडत होता आणि मनात म्हणत होता, बोल बाबा एकदा, तोंडात मार, पण बोल.

वाडीनं तोवर आपला निकाल लावूनही टाकला होता. लाइन उलटी लागली, पोरांचा गाढवपणा. पोरांना शिव्या बसल्या. आणि मोरू? मोरूनं धावपळ करून अख्खी आळी वाचवली! एक म्हातारा तर त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेला. मोरूला वाटलं, आपण वेडे तरी झालोय, नाहीतर ही माणसं तरी. ज्यानं घराघरांत मरण जोडून ठेवलं, त्यालाच शाबासकी?

निघताना जलीलनं मोटरसायकलला किक मारली आणि मग थांबला. "लाइन उलटी लागणं काही नवीन नाही, मोरू. डोंगरात दर पावसाळ्यात कुठं ना कुठं लागते," एवढंच म्हणाला आणि उतारानं निघून गेला. ते धरूनच जोडणी करायची असते, हे त्यानं न बोलताही मोरूला कळलं.

दिवस मावळायच्या आत म्हैस खाली ओढ्याकाठच्या मातीत पुरली. माणसं पांगली, कुणाला मखर करायचं होतं, कुणाला मूर्ती आणायला जायचं होतं. काशीबाई मोकळ्या दाव्यापाशी बसून होती. न बोलता घरी जाता आलं असतं मोरूला. कुणी विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. तो तिच्यापुढं जाऊन बसला.

"काकी, साप नव्हता. पोरांनी पण नाय. म्हस मी मारली," तो म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं, तिसरी तार कुठं जायला हवी होती आणि त्यानं कुठं जोडली. उद्या सणाचे कपडे टाकायला ती मशीनपाशी गेली असती तर काय झालं असतं, तेही सांगितलं.

काशीबाईनं मान वर न करता दावं हातात गुंडाळलं.

"जलीलनं केलं असतं ना हे, तर मी आज महाडला गेले असते. त्याच्या दुकानासमोर बसून शिव्या घातल्या असत्या. माझी म्हस भरून दे म्हटलं असतं, आणि त्याला द्यावी लागली असती. तू फुकटात करून दिलंस रे, मायेनं. आता तुला काय म्हणू?"

काहीतरी म्हण, असं मोरूला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण तिच्या हातातल्या दाव्याचं लोंबणारं टोक तो नुसता बोटांत पिळत राहिला.