जूनच्या अंकातले काका

मंडळी, आज कपाट आवरताना सत्तरच्या दशकातला एका मासिकाचा अंक सापडला. उघडायची हिंमत होईना.

अंक जूनचा, पण नागपुरात आमच्या घरी तो मेमध्येच आला होता. मासिकं पुढच्या महिन्याची तारीख टाकूनच निघतात ना! त्यात माझ्या विणकर काकांवर लेख होता. ते दवाखान्यात गंभीर होते, म्हणून संपादकानं जूनपर्यंत ते जातीलच असं धरून नावाआधी ‘कैलासवासी’ छापलं. काका तर बरे होऊन घरी आलेले!

बाबा भडकले, "काय चूक करून ठेवली ह्यानं!"

काका मुखपृष्ठावरची तारीख पाहत म्हणाले, "चूक काहून म्हणून राहिला गा दादा? जून लागायचाच आहे अजून."

काकू दारातच उभी होती. तिनं त्या वर्षी कॅलेंडरचं मेचं पान उलटलंच नाही.

तुम्ही उलटलं असतं?