हे पडलेत

साडूचा मी मत्सर करतो. त्याची गाडी, बोरीवली पश्चिमेचा दोन बाल्कन्यांचा फ्लॅट, डोक्यावरचे केस, हे सगळं वीस वर्षांत मी पचवलं. पण वर्षापूर्वी तो सुट्टीच्या दिवशी दुपारी पडायला लागला, ते मात्र पचेना.

पडायला म्हणजे आडवं व्हायला. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, हॉलमध्ये चटई टाकायची आणि पडायचं. कुणाकडे बारशाला गेला तरी जेवण झालं की "जरा पडतो रे" म्हणत आतल्या खोलीत, आणि तासाभराने असा चेहरा घेऊन बाहेर, की माझ्या वाटीतलं श्रीखंड आंबट लागायचं. बायको वर म्हणायची, "बघा, भाऊजी किती शांत झालेत."

माझं उलटं. रात्रीची झोप उडालेली. मरोळच्या ऑफिसात एकच मेल तीनदा वाचायचो, तरी डोक्यात शिरायची नाही. चार्जर जागेवर नाही म्हणून लेकीवर असा ओरडलो, की तेव्हापासून ती माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मन दमलंय तुमचं. दिवसातून अर्धा तास त्याला कामाला लावू नका. महिन्याभरात फरक नाही पडला तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते."

पहिल्या दिवशी आडवा झालो तर पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. स्टूल आणून पुसली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात चार वेळा घड्याळ बघितलं. बायको म्हणाली, "विश्रांती घेताय की ड्युटीवर आहात?" आणि पुलापलीकडे, पश्चिमेला, तो माणूस सुखाने पडलेला.

एका शनिवारी सकाळी साडेदहाला, गणपतीला कोकणात कसं जायचं ते विचारायला मी त्याला फोन लावला. उचलला ताईने, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीने.

"हे पडलेत," ती म्हणाली.

त्याची पडायची वेळ दीडची. मला पाठ आहे. म्हणजे हा खरोखरचा पडला.

"कुठे?"

"हॉलमध्ये."

"कधी?"

"झाली असतील दहा मिनिटं."

"उठवून बघितलंस?"

"म्हटलं ना, उठा. तर म्हणाले, मला हलवू नकोस."

"हाक मारली तर ओ देतो का?"

"छे. ओ कसली देतात."

"हलवू नकोसच. मी आलो."

क्रेप बँडेज, गुडघ्याचा पट्टा, बर्फ, सगळं पिशवीत कोंबलं. बायकोला सांगितलं, "भाऊजी पडलेत, मी पुढे होतो," आणि रिक्षात बसलो. भीती वाटत होती, ते खरं. पण पुलाच्या चढावर मनात हळूच येऊन गेलं, आता बघू कसा ताजातवाना दिसतो. स्वतःचीच लाज वाटली. उतरणीवर पुन्हा येऊन गेलं.

दार उघडंच होतं. ताई मटार सोलत होती. साडू चटईवर, डोळ्यांवर ओला रुमाल.

"पार्कात चालून आले, म्हणून आज लवकर पडलेत," ताई म्हणाली. मग पिशवीतलं बँडेज बघून तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगंबाई. तुम्हाला काय वाटलं?"

"निदान झोप तरी झकास लागलीय याला," मी म्हणालो. आवाज जरा कडूच निघाला.

"झोप कसली," रुमालाखालून साडू बोलला. "वर्षभरात एकदा लागली नाही. नुसता पडतो. ऑफिसच्या जिन्यात उभा होतो रे एकदा, वर जायचं की खाली, तेच आठवेना. तिथेच बसून रडलो. तेव्हापासून पडतो. झोप येवो, न येवो."

"मला नाही सांगितलंस?"

"तू असा बघायचास माझ्याकडे, यार. म्हटलं, याला आणखी काय सांगा."

मी पिशवी खाली ठेवली. तो जरा सरकला. "पड."

पडलो. त्यांच्या पंख्यावरही धूळ होती. मला फार बरं वाटलं. ताईचा फोन वाजला. "अगं, काही नाही," ती बायकोला सांगत होती, "आता दोघंही पडलेत." पुढचं मी ऐकलं नाही.

जाग आली तर समोर बायको, आणि शेजारी लेक, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची.

"बाबा, तू पण पडलास ऐकून किती धावत आलोय आम्ही," ती म्हणाली. अख्खं वाक्य. मी उठलो नाही, न जाणो दुसरंही बोलेल.

साडू उठून बसला होता आणि माझ्याकडे टक लावून बघत होता.

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "घोरत होतास. पहिल्याच दिवशी."

त्याच्या तोंडावर जे होतं, ते मी लगेच ओळखलं. वर्षभर दाढी करताना मी तेच बघत आलो होतो.