आजोळ विचारणारे व्याही

लेकीने आमच्या व्याह्यांच्या हातातून आपला मोबाइल ओढून घेतला, वाचला, आणि सोललेल्या वालांच्या परातीशेजारी मटकन बसली. मोबाइलवर नोकरीधंद्याच्या ओळखी करायची एक जागा असते. तिथल्या सत्तर साहेबलोकांना तिच्या नावाने, तिच्या कोटातल्या फोटोखाली, एकच प्रश्न गेला होता : ‘नमस्कार. आपलं आजोळ कुठलं?’

असा भोचक माणूस कर्जत आणि खालापूर मिळून दुसरा सापडायचा नाही. लेकीचे सासरे म्हणून मी पंधरा वर्षं सोसते आहे. भिवपुरीच्या वीजकेंद्रात फिटर होते, पण यंत्रापेक्षा जास्त लक्ष समोरच्याच्या आजोळाकडे. भाजीवालीला विचारणार, पावती फाडणाऱ्या पोलिसाला विचारणार. माथेरानला घोड्यावर बसले तेव्हा आधी घोडेवाल्याचं आजोळ विचारलं, मग घोड्याचं. मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरीणबाई डोळ्यात थेंब टाकताना म्हणाल्या, हलू नका. हे म्हणाले, आजोळ सांगा, मग नाय हलत. बाईंनी मुकाट सांगितलं. जात मात्र त्यांनी कधी कुणाला विचारली नाही. लोक बापाचं गाव विचारतात, तुमचं हे काय भलतंच, असं मी एकदा छेडलं.

“बापाच्या गावात बांधाची भांडणं असतात, विहीणबाई,” ते म्हणाले. “मामाच्या गावाला माणूस निस्ता लाड करून घ्यायला जातो. तिथलं नाव काढलं की कोण खोटं बोलत नाय.”

लेकीला मात्र हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. खालापूरकडची तिची औषधांची कंपनी बंद पडली होती आणि पाच महिने ती घरी बसून होती. औषध तपासण्याचं काम बारा वर्षं केलेलं. आणखी वर्ष असंच गेलं तर त्या कामात मला कोणी उभं करणार नाही, म्हणायची आणि भांडी आपटायची. त्या सत्तर जणांना तिने नीट इंग्रजीत अर्ज लिहिले होते. मी चौथी शिकलेली, पण सत्तरांतल्या एकानेही ‘मिळालं’ म्हणून कळवलं नाही, एवढं मलाही कळत होतं.

“आबा, माझं नाव घालवलंत,” ती म्हणाली.

“तू कामाचं विचारलंस, कोण बोललं का?” व्याह्यांनी पुन्हा वाल सोलायला घेतले. “मी घरचं विचारलं. बघ जरा.”

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. एकाने डॉक्टरला दाखवा म्हणून लिहिलं, दोघांनी तिला ओळखीतून काढून टाकलं. पण बाकीचे बोलायला लागले. एक साहेब मामाच्या विहिरीत कसा पोहायला शिकला ते सांगत सुटला. आणि नाशिकच्या औषध कंपनीतल्या एका मोठ्या बाईंनी लिहिलं, आजोळ खालापूरजवळ, मामी वालाचं बिरडं करायची, तसं पुन्हा कुठे खाल्लं नाही. पण तुम्ही कोण? मग त्यांनी लेकीचा अर्ज उघडला. तो तिथेच महिनाभर पडून होता. परीक्षा घेतली, दोनदा बोलावलं आणि नोकरी दिली. नोकरी लेकीला तिच्या कामावर मिळाली. दार तेवढं या भोचक माणसाने वाजवलं.

एक गोष्ट त्यांनी धरली नव्हती. ज्याचं आजोळ इथे, तो माणूस स्वतः दुसरीकडे असतो. नोकरी नाशिकला होती. आबांना मागे एकटं कसं टाकू, म्हणून लेक अडून बसली. त्यांची बायको, माझी विहीण, जाऊन सात वर्षं झालीत. पण व्याह्यांनीच पाच किलो वाल बांधले, त्यातले त्या मोठ्या बाईंना द्यायला सांगितले, आणि लेक, जावई, नात अशा तिघांना गाडीत बसवलं.

मे महिन्यात नात आजोळी आली. तिचं आजोळ म्हणजे माझं घर, व्याह्यांचं नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही पिशवी घेऊन दारात उभे. आठ दिवस राहिले, मी रोज एक ताट जास्त वाढलं.

आता रोज सहाला त्यांचा फोन येतो. सगळं माहीत असून माझं आजोळ विचारतात. मी सांगते. तिथे माझं आता कोणी नाही. लेक, जावई, नात नाशिकला सुखात आहेत. इकडे आम्ही दोघं आहोत.