तार किती खेचायची

वसईजवळच्या गिरीज गावात गॉडफ्रे मास्तरांकडे हवाईयन गिटार शिकायला आलेलं पोर तिसऱ्या महिन्यानंतर सहसा टिकत नसे. त्यात नवल काही नव्हतं. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायची नखं चढवायची, डाव्या हातात पोलादी बार धरून तो तारांवरून सरकवायचा, इथवर पोरं खुशीत असत. मग मास्तर तार खेचायला शिकवत आणि पोरांना अचानक परीक्षा आठवत.

तार खेचायची म्हणजे बार जागचा हलवायचा नाही. बारच्या मागे, त्याच डाव्या हाताची अनामिका एका तारेत अडकवायची आणि ती तार तळहाताकडे ओढायची. बाकीच्या तारा होत्या तिथेच राहतात, ती एकटी वर चढते. बोटाला आधी फोड येतो, मग घट्टा पडतो. तेही एक वेळ परवडलं. खरी मेख अशी, की बार कुठे ठेवायचा ते पट्टीवरच्या रेघा दाखवतात, पण खेचलेल्या तारेला रेघ नसते. ती किती ओढायची ते कानाने ठरवायचं.

आणि गॉडफ्रे मास्तरांचा आपल्या कानावर भयंकर विश्वास. तीस वर्षं वसई पूर्वेच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवला, शनिवार-रविवार लग्नाच्या बँडमध्ये मोठ्या ड्रमला खेटून बसले, तरी आपला कान शाबूत आहे असं ते छातीठोकपणे सांगत. टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा, तो टीव्ही जुना झाला म्हणून. बायको फेलिशिया दोनदा हाक मारायची, ती पुटपुटते म्हणून. असल्या माणसाशी कोण वाद घालणार?

लोकही त्याला खतपाणी घालत. अलीकडे लोक म्हणू लागले होते, गॉडफ्रेच्या गिटारीत दुःख आहे. एखाद्या मांडवात नवरीची आई डोळे पुसायला लागली, की मास्तर घरी येऊन सांगत, "आज पुन्हा रडवली."

"नवरीची आई तशीही रडते, गॉडफ्रे," फेलिशिया म्हणायची.

पाच वर्षांपूर्वी खाडीकडच्या गावातून काळूराम आपल्या पोरीला घेऊन त्यांच्या ओटीवर आला. स्वप्नाली तिचं नाव, वय चौदा. मोबाईलवर बघून बघून ती सपाट फळीवर तारा बांधून, औषधाच्या बाटलीने गाणी काढत होती.

"मास्तर, हिच्या कानान कायतरी हाय," काळूराम म्हणाला. "आमच्या घरान आजपरयंत कोनाच्या नाय. कोनाला दाखवाचं ते मला कलत नाय."

मास्तरांनी आपली दुसरी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. पोरगी तिसऱ्या महिन्यानंतर पळाली नाही. सहाव्यानंतरही नाही. मास्तरांचा मुलगा शॉन कॅनडात होता आणि गिटारीला बोट लावत नव्हता. आपला हात आपल्यामागे कुणाकडे तरी राहावा एवढीच मास्तरांची उरलेली इच्छा होती, आणि तो हात घ्यायला ही पोरगी चालत आली होती.

एकाच गोष्टीवर त्यांचं वाजलं. वरच्या पट्टीत तार खेचताना ती, मास्तरांच्या मते, हावरटासारखी जास्त ओढायची.

"जास्त झाली. सोड."

ती थोडी सोडायची.

"अजून सोड."

"सर, पण मघाशी बरोबर वाटत होती."

"कान माझा पिकलाय की तुझा?" मास्तर विचारत, आणि पेन्सिलीने तिच्या बोटाच्या पेरावर टक्कन मारत. मोठा मार नव्हता तो. पण रोज, त्याच जागी, चार महिने. एकदा ती ओटीच्या पायरीवर बसून रडली. फेलिशियाने तिला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या कुणाची मान खाली गेली असती. मास्तर म्हणाले, "रडून शिकलेलं विसरत नाही." हे मात्र त्यांचं खरं निघालं.

चार महिन्यांनी तिचं बोट मास्तरांच्या जागी येऊन थांबलं, आणि पुढे कधी हललं नाही.

ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा विरारच्या हरेशने निरोप पाठवला. त्याचा जुन्या सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा होता आणि हवाईयन गिटार वाजवणारं माणूस हल्ली शोधून सापडत नव्हतं. स्वप्नाली गेली. मास्तर दिवसभर वाडीत केळींना पाणी लावत होते, म्हणजे एकाच आळ्यात पाणी सोडून उभे होते.

ती संध्याकाळी परत आली. "जागा भरली होती, सर."

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते विरारला हरेशच्या तालमीच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"माझ्या पोरीत काय कमी दिसलं तुला?"

हरेश चाळिशीचा, शांत माणूस. त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला, मग मोबाईल काढला. "सर, रागावू नका. हे तिचं वाजवणं. आणि हे सूर बघायचं ॲप. काटा मधल्या हिरव्या रेघेवर आला की सूर बरोबर."

मास्तरांनी ऐकलं. अंतरा चढत गेला, तार खेचली गेली, सूर जाऊन पोचला. सुंदर. काटा मात्र रेघेच्या अलीकडेच थांबला होता.

"पुन्हा लाव."

पुन्हा तेच. बार ठेवलेला प्रत्येक सूर रेघेवर. वरच्या पट्टीतला खेचलेला प्रत्येक सूर रेघेच्या अलीकडे, दरवेळी तेवढाच.

"हात फार गोड आहे तिचा," हरेश म्हणाला. "पण प्रत्येक वेळी कमी पडते. मला वाटलं, घाबरली असेल. तीनदा वाजवून घेतलं."

"हे मशीन बिघडलंय."

हरेश उठला. कोपऱ्यातली गिटार आणून त्याने मास्तरांच्या मांडीवर ठेवली. मास्तरांनी खिशातून आपला बार काढला, तार अडकवली आणि खेचली. काटा त्याच जागी येऊन थांबला. केसाचाही फरक नाही. चहा तसाच राहिला.

वसईच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर डबे चढवले, अर्धा तास शिट्ट्या ऐकवल्या. मग सांगितलं, उजवा कान जवळजवळ गेलेला आहे. डावा चालतो, पण वरचे काही सूर त्याला आहेत त्यापेक्षा चढे ऐकू येतात. आवाजात काम करणाऱ्यांचं कधीकधी असं होतं.

"कधीपासून असेल हे?"

"नक्की नाही सांगता येणार. दहाएक वर्षं तरी."

मास्तर दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहिले. आपण बहिरे होतोय याचं त्यांना त्या क्षणी काहीच वाटलं नाही. त्यांना ती चौदा वर्षांची पोरगी दिसत होती. ती बरोबर खेचत होती. खेचायला शिकवल्याच्या पहिल्या आठवड्यापासून ती बरोबर खेचत होती, आणि आपण पेन्सिल घेऊन चार महिने तिच्यातलं बरोबर ठोकून बाहेर काढलं.

बुधवारी दुपारी ती नेहमीसारखी आली. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. पेन्सिलीसकट. "माझं चुकलं, बाय," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलेलं फेलिशियाने ऐकलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत थांबली.

स्वप्नाली खाली बघत होती. "हरेशदादांनी मला दाखवलं होतं, सर. तो काटा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, त्यांचं मशीन खराब आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भांडायला गेला असता."

मास्तरांनी तिच्याच मोबाईलमध्ये ते ॲप घालून घेतलं आणि मोबाईल गिटारीसमोर उभा केला. "खेच. काटा रेघेवर येईपर्यंत खेच."

तिने खेचली. काटा रेघेवर आला, आणि तिचं तोंड कच्ची चिंच चावल्यासारखं झालं.

"सर, हा चढतोय."

"चढत नाही. हाच सूर. पुन्हा."

दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. काट्याकडे बघत असली की बरोबर. मोबाईल पालथा घालून खेचली आणि मग तो सुलटा करून पाहिला, की काटा त्या जुन्या जागी. सवय नुसती बोटाची असती तर मोडता आली असती. पण बोट तिच्या कानाचं ऐकत होतं, आणि कानावर मास्तरांनी काम केलं होतं.

"आठव," मास्तर म्हणाले. "अगदी पहिल्यांदा खेचायला लागलीस तेव्हा तू कशी खेचायचीस? मी ओरडायच्या आधी. तू मला सांगायचीस, सर, बरोबर वाटतोय म्हणून. तो सूर आठव."

तिने खरंच डोळे मिटून प्रयत्न केला. बराच वेळ.

"नाही आठवत, सर."

"मग दुसरा मास्तर शोध. तरुण कानाचा. उद्यापासून इकडे येऊ नकोस."

"तो पण मला त्या काट्यासारखं बेसूरच वाजवायला सांगेल ना?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मोबाईल समोर उभा होता. तिने बार उचलला, तारांवर ठेवला, अनामिका अडकवली आणि काट्याकडे न बघता खेचली. सूर वर चढला आणि थांबला. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"हा बघा, सर. हा बरोबर."

काटा रेघेच्या अलीकडे होता, नेहमीइतकाच. आणि मास्तरांना, देवाशपथ, तो सूर अगदी बरोबर ऐकू येत होता.